हलूनका ताईंची लेन्स

निरोपाच्या दिवशी एक्स-रे विभागातल्या लोकांनी हलूनका ताईंना कॅमेरा दिला, पण तो अर्धाच दिला. खोक्यात कॅमेरा होता, पट्टा होता, बॅटरी होती, सहा भाषांत छापलेलं जाडजूड माहितीपुस्तक होतं, आणि जिथे लेन्स असायला हवी तिथे काळं प्लॅस्टिकचं झाकण होतं. सोबत दुकानाची एक चिठ्ठी होती: ‘एक लेन्स, आपल्या पसंतीची.’ ही कल्पना कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली कोण जाणे. या बाईला तेहतीस वर्षांत कुणी ‘खुर्ची कुठे ठेवू’ एवढंही विचारलं नव्हतं, आणि आता जाता जाता पसंती विचारत होते.

‘हलूनका ताई’ हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानेच कमावलेलं. दिवसाला साठ-सत्तर माणसांना ‘श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका’ म्हणायचं, काचेमागे जाऊन बटण दाबायचं, ‘सोडा’ म्हणायचं आणि पुढच्याला हाक मारायची. सुट्टीच्या दिवशी घरी पाहुणे आले आणि कुणी फोनवर फोटो काढायला सांगितला, तरी त्यांच्या तोंडून हेच बाहेर पडे. त्यांनी काढलेल्या झाडून सगळ्या घरगुती फोटोंत माणसं गाल फुगवून, खांदे पुढे करून उभी आहेत, छाती तपासायला आल्यासारखी.

तर लेन्स. चिठ्ठीची बातमी फुटली आणि सल्ले देणारे रांगेत उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, “मॅक्रो घ्या, अगदी जवळून फुलं काढा. फुलं हलत नाहीत.” स्वतःच्याच विनोदावर ते बराच वेळ हसले, कारण त्यांच्या बागेत फुलं होती आणि फोटो काढणारं कुणी नव्हतं. ताईंच्या हाताखालची टेक्निशियन म्हणाली, “ताई, चेहऱ्यांसाठी असते ती घ्या हं. मागचं सगळं धूसर होतं. माझ्या लेकीचे काढायला या.” आणि ताईंच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, फोनवर निकालच देऊन टाकला: “रुंद घे. आपलं सगळं कुटुंब एका फोटोत मावलं पाहिजे.” प्रत्येकाने आपापल्या सोयीची लेन्स निवडली आणि ती ताईंच्या गळ्यात मारली.

ताईंना काय हवं होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एक्स-रेच्या खोलीला खिडकी नसते. भिंतीत शिसं, दारात शिसं, दारावर लाल दिवा. सकाळी आठला आत जायचं आणि चारला बाहेर यायचं. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे पेशंटच्या कपड्यांवरून कळायचं. कधीमधी मशीन बंद पडलं की ताई डबा घेऊन गच्चीवर जात. तिथून शहर संपल्यानंतरची एक टेकडी दिसायची आणि तिच्या माथ्यावर झाडांची विरळ रांग. त्या झाडांखाली कुणी असतं का, फांद्यांवर काही बसतं का, हे इतक्या लांबून कळत नसे. तेवढंच त्यांना पाहायचं होतं. लांबची लेन्स घ्यायची, पायात बूट चढवायचे आणि निघायचं. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत हा एकच विचार त्यांनी उशाशी ठेवला होता.

पण लांबचं पाहायला आधी घराबाहेर पडावं लागतं, आणि घरात आई होती.

आईचं वय चौऱ्याऐंशी. अकरा वर्षांपूर्वी ‘दोन-चार महिने राहते’ म्हणून आली ती राहिलीच. ताई एकट्या, त्यांचं लग्न झालं नाही, तेव्हा आईने त्यांच्याकडेच असायचं हे कुणीही न बोलता ठरून गेलं. आईचं करणं तसं फार अवघड नव्हतं. पण ते संपत नव्हतं. डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब. अंघोळीला हात. पाठीला मलम. कवळी धुऊन देणं, रुसली की समजूत, समजूत पटली की पुन्हा थेंब. दिवसा सांभाळायला एक बाई यायची म्हणून नोकरी तरी झाली. दादाचं घर दीड तासावर. चार खोल्या, त्यातली एक नुसती इस्त्रीच्या कपड्यांना दिलेली.

ताईंना दादाला एकच वाक्य सांगायचं होतं: ‘आईला सहा महिने तू ने.’ दोन वर्षं ते वाक्य ओठांवर येऊन परत जात होतं. आता तर वेळच उरला नव्हता, कारण ताई रिटायर झाल्या म्हटल्यावर दिवसाच्या बाईची गरज काय, असं दादाने परस्पर ठरवून टाकलं होतं. महिनाअखेरीला बाई बंद. त्याआधी आपण तोंड उघडलं नाही तर मग कधीच उघडणार नाही, हे ताईंना स्वच्छ कळत होतं. बाकी होते अठरा दिवस.

दुकान जुन्या बाजाराच्या गल्लीत होतं. पुढे नवा काचेचा काउंटर, आणि मागे एका कोपऱ्यात, दिव्याखाली, कॅमेरे दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ. त्यांना सगळी गल्ली ‘भिंगवाले’ म्हणे. ताईंची चिठ्ठी त्यांनी डोळ्याजवळ नेऊन वाचली.

“काय काढायचंय?”

“लांबचं.”

“लांबचं म्हणजे?”

“टेकडी. झाडं. पक्षी असले तर पक्षी.”

“किती वेळा जाता टेकडीला?”

ताईंनी पर्स या हातातून त्या हातात घेतली. “अजून गेले नाही,” त्या म्हणाल्या.

भिंगवाल्यांनी मान हलवली, जशी डॉक्टर ‘हे असंच होणार होतं’ म्हणून हलवतात. त्यांनी काउंटरवर तीन लेन्स मांडल्या. एक छोटी, तळहातावर मावणारी, न वाढणारी न आखडणारी. एक मधली, कड्याने फिरवली की थोडी पुढेमागे होणारी. आणि एक लांब, पेल्यापेक्षा उंच, हातात घेतली की मनगट खाली जाईल अशी. मग ते उठले आणि मागचं कपाट उघडून दाखवलं. आत अकरा लांब लेन्स ओळीने उभ्या होत्या.

“या सगळ्या परत आलेल्या. पहिला कॅमेरा घेणारं माणूस स्वतःसाठी लेन्स घेतच नाही, ताई. आपल्याला जसं व्हायचं असतं ना, त्या माणसासाठी घेतं. वर्षाने कपाट आवरताना सापडते, मग इथे आणून देतं. कडं बघा हिचं, बोटाचा ओरखडा तरी आहे का?”

नव्हता. ताईंना उगाच पकडल्यासारखं झालं.

भिंगवाल्यांची एक रीत होती. दुकानाच्या मालकाला ती आवडत नसे, कारण तिच्यापायी गिऱ्हाईक आठ दिवस लांबायचं. त्यांनी खणातून पोस्टकार्डाएवढा एक काळा पुठ्ठा काढला. मधोमध काडेपेटीएवढं चौकोनी भोक, आणि पुठ्ठ्याला बांधलेला हातभर दोरा. दोऱ्याला चार गाठी होत्या.

“दोऱ्याचं टोक गालाला लावायचं, असं. पुठ्ठा डोळ्यासमोर धरायचा. जवळ धरला की भोकातून पुष्कळ दिसतं, लांब नेला की थोडंच दिसतं. जे पाहावंसं वाटेल ते भोकात नीट बसेपर्यंत पुढेमागे करा. बसलं की अंतर बघा, कुठल्या गाठीवर आलं, आणि वहीत लिहा. पहिली गाठ म्हणजे रुंद लेन्स, शेवटची म्हणजे लांबची. आठ दिवस करा. ज्या गाठीवर जास्त खुणा, ती तुमची लेन्स. मी सांगायचं नाही आणि दुसऱ्या कुणीही सांगायचं नाही.”

ताईंना ही कल्पना फार पटली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पसंतीची रीतसर तपासणी होणार होती.

घरी आल्या आणि गोंधळ इथेच झाला. गाठी मोजायचं ताईंच्या पचनी पडेना. गाठ म्हणजे काय माप झालं? तेहतीस वर्षं त्यांनी अंतर सेंटिमीटरमध्ये मोजलेलं. हातापायाला शंभर, छातीला एकशे ऐंशी, मशीनलाच टेप लावलेली. त्यांनी शिवणाच्या डब्यातून टेप काढली आणि वहीला तीन रकाने आखले: भाग, बाजू, अंतर. आणि ‘अंतर बघा’ याचा त्यांच्या धंद्यात जो अर्थ होतो तोच त्यांनी घेतला. पुठ्ठा डोळ्यापासून किती लांब, हे त्यांनी एकदाही मोजलं नाही. आपण पेशंटपासून किती लांब, तेवढं मात्र काटेकोर मोजलं.

“हे काय गं?” आई म्हणाली. “भोकातून बघतेस मला?”

“हलू नको.”

“हललेच नाही मी. सकाळपासून याच खुर्चीत आहे. तूच इकडून तिकडे पळतेस.”

‘आई, खुर्चीत. समोरून. ११० सेंमी.’ ताईंनी लिहिलं.

आठ दिवस त्या इमानाने लिहीत राहिल्या. जे समोर येईल ते लिहिलं. त्यांच्या कामात आपण काय पाहायचं हे आपण ठरवत नाही; चिठ्ठीवर गुडघा लिहिला असेल तर गुडघा पाहायचा. ‘आईचा डावा डोळा. समोरून. ३० सेंमी.’ ‘आईची पाठ. मागून. ४०.’ ‘दुधाचं पातेलं. वरून. ६०.’ ‘बाथरूमची कडी. बाजूने. ५०.’ ‘आई झोपलेली, डाव्या कुशीवर. ९०.’ तिसऱ्या दिवशी त्यांना वाटलं की एखादी नोंद बाहेरची असावी, म्हणून पुठ्ठा घेऊन दाराशी गेल्या, तेवढ्यात आईने आतून हाक मारली. हाकेचं कारण विशेष काही नव्हतं. उशी घसरली होती. ताईंनी उशी सारखी केली आणि ‘उशी, वरून, ७०’ असं लिहून टाकलं. दमलेल्या माणसाचं असंच होतं. जे हाताशी आहे ते उरकून टाकण्यात दिवस जातो, आणि वर आपण काम केलं असंही वाटतं.

रविवारी दादाचा फोन आला.

“लेन्स घेतलीस का?”

“बघतेय अजून.”

“त्यात काय बघायचंय? रुंद घे म्हणालो ना. आणि ऐक, त्या बाईला सांगून टाक पुढच्या महिन्यापासून नको म्हणून. आता तू मोकळीच आहेस.”

वाक्य आलं, अगदी दातांपर्यंत आलं. ताई म्हणाल्या, “हो, बघते.”

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचाच इतका संताप आला की पुठ्ठा फेकून द्यावासा वाटला. पण फेकला तर तो त्यांनाच उचलायला लागणार होता, म्हणून फेकला नाही.

नवव्या दिवशी बाईला आईजवळ बसवून ताई दुकानात गेल्या. भिंगवाल्यांनी वही उघडली, पहिलं पान वाचलं, चष्मा वर करून ताईंकडे पाहिलं आणि पुन्हा वाचलं.

“गाठी कुठायत?”

“सेंटिमीटरमध्ये लिहिलंय. ते जास्त अचूक.”

“आईची खुर्ची एकशे दहा सेंटिमीटर? पुठ्ठा एवढा लांब धरायला हात कुणाचे लावलेत?”

“पुठ्ठा नव्हे. मी आणि आई. तुम्हीच म्हणालात अंतर बघा.”

“पुठ्ठ्याचं डोळ्यापासून!”

“आमच्यात अंतर म्हणजे पेशंटचंच.”

भिंगवाले हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, पाणी प्यावं लागलं. ताई ओशाळल्या आणि मग त्याही हसल्या, कारण नाहीतरी दुसरं काय करणार. आठ दिवसांची मेहनत पाण्यात गेली होती.

“राहू दे, चालेल,” भिंगवाले डोळे पुसत म्हणाले. “यावरूनही काढता येतं. उलट सोपं आहे.” त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकेका नोंदीवरून खाली येऊ लागले. वाचता वाचता त्यांचं हसू मावळत गेलं. तिसऱ्या पानावर ते थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

“सगळ्यात लांबची नोंद ही, ताई. ‘समोरच्या गॅलरीतली दोरी, ३ मी. ८०, अंदाजे.’”

“हो. मध्ये चौक आहे ना, टेप पुरली नाही.”

“आठ दिवसांत चार मीटरच्या पलीकडे काहीच नाही हो.”

त्यांनी हे टोचून म्हटलं नाही. एखाद्या यंत्रात दोष सापडावा तसं नुसतं सांगितलं. ताईंनी वही आपल्याकडे फिरवून घेतली आणि वाचली. डोळा, पाठ, कवळीची वाटी, कडी, पातेलं, डोळा, डोळा, उशी. पंचेचाळीस नोंदी होत्या. आकाश एकदाही नव्हतं. त्यांना रडू आलं नाही. पण भिंगवाल्यांनी न सांगताच स्टूल पुढे सरकवलं.

“सरळ सांगू का?” ते म्हणाले. “हिशेबाने तुमची लेन्स ही.” आणि त्यांनी ती छोटी, तळहाताएवढी लेन्स काढली. “घरातल्या उजेडात उत्तम चालते. हलकी. जवळ जाता येतं. तुम्ही जे पाहता ते हिच्याइतकं चांगलं दुसरी कुठलीच दाखवणार नाही. ही माझ्या कपाटात परत यायची नाही.”

ताईंनी ती कॅमेऱ्याला लावून पाहिलं. म्हाताऱ्याचं म्हणणं खरं होतं. काउंटरवरचा पेचकस, त्यांची बोटं, मिशीतला एक पिवळा केस, सगळं कसं लख्ख. आणि त्याच क्षणी ताईंना पुढची दहा वर्षं दिसली. डोळा, पाठ, वाटी, कडी. तीही अशीच लख्ख. आईवर त्यांचा जीव होता, त्याबद्दल प्रश्नच नव्हता. पण त्या इतक्या थकल्या होत्या की जीव असणं आणि जीव जाणं यांतला फरक त्यांना रोजच्या रोज कळेनासा झाला होता.

“लांबची द्या,” त्या म्हणाल्या.

“ताई, बारावी होईल कपाटात.”

“तुमची रीत बरोबर आहे. मी काय पाहते ते तिने बरोबर सांगितलं. आता मला तेच पाहायचं नाहीये.”

“ही दीड मीटरच्या आतलं स्पष्ट धरतच नाही. घरात हिचा काही उपयोग नाही.”

“म्हणूनच,” ताई म्हणाल्या, आणि लेन्स खोक्यात भरली जायच्या आत त्यांनी पर्समधून फोन काढला. घरी गेल्यावर धीर होणार नाही हे त्यांना माहीत होतं. परक्या माणसासमोर निदान लाजेने तरी वाक्य पुरं होईल.

“दादा, पुढच्या शनिवारी गाडी घेऊन ये. आईला सहा महिने तुझ्याकडे ने.”

तिकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग, “काय झालं? भांडलात का?”

“नाही.”

“अगं पण हिचे गुडघे...”

“वहिनीचे गुडघे मला ठाऊक आहेत. एक्स-रे मीच काढलेत. तेवढे वाईट नाहीत.”

भिंगवाल्यांनी मान खाली घालून एक स्क्रू शोधायला सुरुवात केली.

“आईला विचारलंस?”

“सांगणार आहे. विचारणार नाही.”

दादा वाईट माणूस नव्हता. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं, आणि न सांगता कळण्याएवढी त्याची नजर नव्हती. “थकलीस का गं?” त्याने विचारलं.

“हो.”

“मग आधी बोलायचंस.”

“हो,” ताई म्हणाल्या. “चुकलं.”

आईला सांगणं याहून कठीण गेलं. ताईंनी संध्याकाळचे थेंब घातले, बाटलीचं बूच लावलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं. आईने डोळे मिटलेले होते. थेंब मुरेपर्यंत ते मिटलेले ठेवायचे असतात.

“मी काय केलं?” तिने विचारलं.

“काही नाही.”

“मग?”

“मी थकलेय, आई. सहा महिने मला तू समोर नको आहेस.”

हे असं नव्हतं म्हणायचं. ताईंनी वाटभर दुसरी, मऊ वाक्यं जुळवली होती. पण तोंडातून निघालं ते हे. आईने डोळे उघडले, पदराने कडा टिपल्या आणि म्हणाली, “बरं.”

तिसऱ्या दिवशी खुर्चीतूनच सामान बांधण्याच्या सूचना सुरू झाल्या. हा टॉवेल नको, तिकडे असतील. ती शाल वर ठेव, सापडली पाहिजे. नाही, तशी नव्हे, घडी मोडते. मला काय, एक खुर्ची लागते, ती कुठेही मिळेल. तिने एकदाही ‘जात नाही’ म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ताईंनी खोक्यातली लेन्स त्याच दिवशी परत केली असती, आणि बहुधा हे दोघींनाही माहीत होतं.

शनिवारी सकाळी दादा यायच्या आधी ताईंनी आईचा फोटो काढायचं ठरवलं. नवी लेन्स चढवली, आईला खुर्चीत बसवलं. कॅमेऱ्याने घुर्र केलं, लेन्स पुढे झाली, मागे झाली, काही केल्या धरेना. ताई मागे सरकल्या, आणखी सरकल्या, स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ टेकली. आता धरलं, पण चौकटीत नुसतं नाक.

“आलं का?”

“नाक आलंय.”

“मग नाकच ठेवतेस का सहा महिने? बाकीचं मी घेऊन जाते.”

ताई हसल्या, आईही हसली. हसताना आईची कवळी सैल झाली, ताईंनी पुढे होऊन ती बसवली. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

निघताना आईने चेहरा अगदी घट्ट करून घेतला होता. दाराशी ती म्हणाली, “येते,” आणि जिन्याच्या कठड्याला धरून, दादाचा हात बाजूला सारून, एकेक पायरी उतरली. गाडीत बसताना तिने वर पाहिलं नाही. ताईंना वाटलं, रागावली आहे; आणि राग असला तर बरंच, रागावलेलं माणूस सोडणं सोपं जातं. त्या कॅमेरा घेऊन गॅलरीत आल्या.

गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली आणि अडकली. समोर एक ट्रक गाद्या उतरवत होता. ताईंनी कॅमेरा डोळ्याला लावला, कडं फिरवलं, आणि लेन्सने क्षणात धरलं. घरात काही केल्या न धरणारी ती लेन्स. सत्तर-ऐंशी मीटरवरची गाडीची मागची काच तिने अशी आणून समोर ठेवली की ताईंनी नकळत हात पुढे केला.

आई मागे वळून बसली होती. तिला वाटत होतं, आता कुणी पाहत नाही. घट्ट केलेला चेहरा सुटला होता. तोंड किंचित उघडं, एका हाताने खिडकीवरचं कडं पकडलेलं, आणि ती इमारतीकडे पाहत होती. एकेक गॅलरी शोधत होती. तिला लांबचं दिसत नव्हतं; ताईंना शोधता शोधता ती भलत्याच गॅलरीपाशी थांबली होती, एक मजला वर, जिथे कुणीच नव्हतं. आणि ती भ्यालेली होती. रागावलेली नव्हती, रुसलेली नव्हती, अगदी साधी भ्यालेली होती, परक्या ठिकाणी सोडून दिलेल्या लहान पोरीसारखी. अकरा वर्षं तीस सेंटिमीटरवरून तो डोळा पाहिला होता, पण हा चेहरा ताईंनी कधी पाहिला नव्हता.

ट्रकवर अजून बऱ्याच गाद्या होत्या. एक फोन केला तर गाडी वळून दोन मिनिटांत दाराशी आली असती. एक हाक मारली तरी दादाने ऐकली असती. ताईंना हे सगळं समजत होतं. त्यांनी बटण दाबलं.

मग ट्रक बाजूला झाला, गाडी वळली, आणि काचेत फक्त समोरच्या दुकानाचं शटर उरलं. ताई गॅलरीतच खाली बसल्या आणि रडल्या. आईसाठी रडत होत्या हे खरं, आणि सुटल्या म्हणून रडत होत्या हेही तितकंच खरं. दोन्हीची त्यांना सारखीच लाज वाटली. बऱ्याच वेळाने त्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीवर तो फोटो पाहिला. स्वच्छ आला होता, कुठेही हललेला नव्हता. त्यांनी तो पुसला नाही. मग त्यांनी आपला फोन बंद करून कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं, कारण तो हातात राहिला असता तर त्यांनी दादाला परत बोलावलं असतं.